बोलावू नकोस

शनिवारी सकाळी एका म्हाताऱ्या वाटाड्याने माझं मनगट धरलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

ब्राझीलमधल्या मकाए शहराच्या बाहेर पडलं की जुरुबातिबाचं राष्ट्रीय उद्यान लागतं, 1998 साली झालेलं. समुद्रालगत 44 किलोमीटर वाळू आणि तिच्यावर खुरटी झुडपं, निवडुंग, पानांच्या पेल्यात पाणी धरून बसलेली ब्रोमेलियाड. अशा वाळूरानाला इथे रेस्तिंगा म्हणतात. मी गेलो होतो तिए-सांगी या पक्ष्यासाठी. सांगी म्हणजे रक्त. नर अगदी तसाच लाल, पंख-शेपूट काळी. आपली लाल मुनिया देखणी आहेच, पण हा उन्हात आला की कॅमेऱ्यालाही झेपत नाही. एक्सपोजर एक स्टॉप खाली आणलं नाही, म्हणजे प्रकाश निम्मा केला नाही, तर पिसं हरवतात, नुसता लाल डाग उमटतो.

झुडपात आवाज होता, पक्षी दिसेना. मी मोबाइलवर त्याचीच रेकॉर्ड केलेली साद लावली. नर ताबडतोब वर आला आणि फांदी-फांदीवर दुसरा नर शोधू लागला. तेव्हा मनगट धरलं गेलं. "बोलावू नकोस. घरात पिल्लं आहेत." म्हाताऱ्याने बोट दाखवलं. तपकिरी मादी चोचीत अळी धरून झुडपाबाहेर थांबली होती. आत जाईना.

मला राग आला, खरं सांगतो. याच देशात गाणारे पक्षी पिंजऱ्यात घालून, वर कापड टाकून फिरायला नेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याचा परवाना मिळतो. साद तर इथले फोटोग्राफरही लावतात. आपल्याकडे 1972 पासून कायदा आहे, घरात साधा पोपट ठेवणंही गुन्हा. मग मलाच का? पण आमच्या आळीत दोन घरी पोपट होते, हेही आठवलं. आणि सह्याद्रीत मी हीच युक्ती कितीदा केली आहे. तिथे कुणी मनगट धरलं नाही, म्हणून ती बरोबर वाटत आली.

फोन खिशात टाकला. वाळूत बसून राहिलो. शेजारी ओळखीचं पान दिसलं, चुरगळून वास घेतला: काजू! पोर्तुगीजांनी आपल्याकडे नेली ती याच देशातून, नावासकट. चाळीसेक मिनिटांनी नर आपणहून त्याच झाडावर बसला. अर्धा पानाआड, पण खालच्या चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा ठिपका लख्ख.

फोटो रत्नागिरीला आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "मागे आपली काजू ना रे?"