हजेरीसाठी मेडिकल सर्टिफिकेट

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजमधला एक मुलगा ऐन सेमिस्टरमध्ये दुचाकीच्या अपघातात गेला. मी त्या वर्गाची जीएफएम, म्हणजे पालक-प्राध्यापिका. शोकसभा, त्याच्या घरी जाऊन येणं, समुपदेशकांना बोलावणं, सगळं पटापट झालं. अडलं ते ऑफिसात.

त्याचे हॉस्टेलमधले मित्र बरेच दिवस वर्गात फिरकले नाहीत. महिनाअखेरीस कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली, त्यात ही सगळी पोरं ७५ टक्क्यांच्या खाली. आणि त्याच यादीत गेलेल्या मुलाचा रोल नंबर! इतकंच नाही, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे' हा मेसेजही त्याच्या वडिलांना जात होता. त्यांनी तो मला नुसता फॉरवर्ड केला. वर एक अक्षर नाही. तेव्हा असं काही घडलं, तर हारफुलं नंतर बघा. आधी ईआरपीवाल्याला, म्हणजे कॉलेजचं हजेरीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला गाठून मेसेज बंद करून घ्या.

पोरांच्या हजेरीचा अर्ज दिला, तर खिडकीतून उत्तर, "मेडिकल जोडा." कशाचं जोडू? ताप नाही, प्लास्टर नाही. मग म्हणे मानसोपचारतज्ज्ञांचं आणा. पोरं बिचकली, प्लेसमेंटच्या वेळी हा कागद फाइलमधून निघाला तर? समुपदेशकांचं पत्र नेलं, तर "हे चालत नाही." एकाने फॅमिली डॉक्टरकडून 'टायफॉइड' लिहून आणलं. ते मात्र बिनबोभाट चाललं! अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी सुटे अर्ज मागे घेतले. एचओडींमार्फत (विभागप्रमुखांमार्फत) सगळ्यांचा एकच प्रस्ताव, 'विशेष बाब म्हणून', कुणाचंही वेगळं कारण न लिहिता, थेट प्राचार्यांच्या बैठकीत ठेवला. सोबत सुप्रीम कोर्टाची जुलै २०२५ची मार्गदर्शक तत्त्वं जोडली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील, तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असं त्यांत आहे. चहा यायच्या आत मंजुरी. खाली शेरा, 'हा पायंडा समजू नये.' मी प्रत जपून ठेवली आहे, पायंडा म्हणूनच.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हॉस्टेलच्या दारांवर लावा. फुकट आहे, मराठीतही बोलतात. पोरांना गोल बसवून 'बोला, मोकळे व्हा' असा आग्रह नको, ज्याला बोलायचंय तो बोलतो. आणि मेसच्या काकांनाही विचारा. तो मुलगा रोज त्यांच्याकडे जेवायचा, पण समुपदेशकांच्या यादीत त्यांचं नाव कुणी घातलंच नव्हतं.