ब्रेक नावाचं बटण

‘नीड फॉर स्पीड’ या कार रेसिंगच्या व्हिडिओ गेम मालिकेच्या जुन्या चाहत्याला छेडलं की तो आधी २००५ च्या ‘मोस्ट वाँटेड’वर घसरतो. हरवायच्या पंधरा रेसरांची ब्लॅकलिस्ट, निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर, मागे हात धुऊन लागलेले पोलीस. सगळं खरं. पण त्याही गेममध्ये कितीही पुढे गेलात तरी प्रतिस्पर्धी रबर लावल्यासारखा मागून खेचला यायचा, हे त्या उमाळ्यात कुणी बोलत नाही. माझी नाराजी वेगळीच आहे, आणि ती ब्रेकवर आहे.

२००० साली आलेला या मालिकेतला पोर्शेवाला भाग आठवा. १९५० च्या पोर्शे ३५६ पासून सुरुवात. मागे इंजिन असलेली ९११ हातात आली, की वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडायची सोय नाही. वजन पुढच्या चाकांवर जायचं, मागची हलकी व्हायची आणि गाडी गर्रकन फिरायची. म्हणून सरळ रस्त्यावरच ब्रेक मारायचा, ब्रेक सोडायचा, वळायचं, आणि बाहेर पडताना हळूहळू ॲक्सिलरेटर द्यायचा. ब्रेक म्हणजे वेग कमी करायची वस्तू होती. साधी अपेक्षा.

२०१० च्या ‘हॉट पर्सूट’पासून ब्रेक हे ड्रिफ्टचं, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळवायचं, बटण झालं. स्टिअरिंग वळवून ब्रेकला नुसतं टिचकलं, की गेम समजतो साहेबांना घसरायचंय, आणि मागची चाकं सुटतात. वजन पुढे सरकल्याने मागची पकड कमी होते हे खऱ्या गाडीतही घडतं, पण तिथे ते किती घडावं हे पाय ठरवतो. इथे इशारा मिळाला की गाडी घसरलीच.

२०१९ च्या ‘हीट’मध्ये तर ड्रिफ्ट ॲक्सिलरेटरवर आणलं. वळणात तो सोडून पुन्हा दाबला की गाडी आडवी. आता वळणात रेषा जरा सुधारायला बोट क्षणभर उचलणं ही जुन्या खेळाडूची सवय; नेमकी तीच नडते. उपाय आहे: गाडी चालवतानाच उघडणाऱ्या लाइव्ह ट्यूनिंगमध्ये ड्रिफ्ट ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्या, डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) वाढवा, आणि टायर ड्रिफ्टचे नव्हे तर पकडीचे घ्या. मग मात्र वळता वळता ब्रेक लावायचा नाही. थोडक्यात, एका खोडीतून सुटून दुसरीत.

ट्यूनिंगचं बोलूच नये. २०१७ च्या ‘पेबॅक’मध्ये पार्ट म्हणजे पत्ते: एका गाडीला सहा, आणि हवा तो पत्ता मिळणं नशिबावर. नको ते पत्ते मोडून टोकन घ्या, टोकन टाकून चक्र फिरवा. टर्बो बसवायला जुगार! ओरड झाल्यावर रेसमधून मिळणारी कमाई वाढवली गेली, पण पत्ते राहिलेच.

२०१३ च्या ‘रायव्हल्स’ची कथा तांत्रिक आहे. संगणकावर तो सेकंदाला ३० फ्रेमला (म्हणजे ३० चित्रांना) बांधलेला, आणि खेळाचं घड्याळही त्याच फ्रेमवर चालणारं. कुणी ६० करायला गेलं की चित्र गुळगुळीत होण्याऐवजी अख्खा खेळच दुप्पट वेगाने पळायचा.

आणि पॉज. २०१५ चा भाग एकट्याने खेळायचा तरी इंटरनेट चालूच हवं, आणि पॉज नाही. पोलीस मागे असताना दाराची बेल वाजली, तर दार उघडायचं की दंड भरायचा हे तुम्हीच ठरवा. पुढे एकट्याने खेळताना पॉज परत मिळाला, तेव्हा चाहत्यांना कोण आनंद झाला. पॉज मिळाल्याचा!