टायमिंग बेल्ट आणि वहीतली एक ओळ

गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. आमचे जुने गिऱ्हाईक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. चालती गाडी रस्त्यात बंद पडली होती. "टक् असा आवाज आला रे, आणि खलास. सेल्फ मारला की फिरतंय, पण पकडत नाही." मी म्हटलं, "काका, बॉनेट उघडा, फोन इंजिनाजवळ धरा आणि एकदाच, अगदी क्षणभर सेल्फ मारा."

चांगल्या इंजिनाला सेल्फ मारला की आवाजात ओढ असते. पिस्टन हवा दाबायला लागला की मोटर किंचित अडखळते, म्हणून तो आवाज तालात येतो. फोनमधून आला तो सलग, हलका, भिंगरीसारखा. माझ्या पोटात गोळाच आला. "आता चावीला हात लावू नका. ढकलून, गिअर टाकून चालू करायलाही जाऊ नका. टोचनची गाडी पाठवतो."

गाडी आली. वरचं कव्हर काढलं, मुलाला सेल्फ मारायला न सांगता पाना लावून क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा, हातानं जरासा फिरवला. खाली क्रँक फिरला, पण वर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह (हवेच्या झडपा) उघडणारा दांडा, जागचा हलला नाही. या दोघांना जोडणारा टायमिंग बेल्ट तुटलेला नव्हता, जागेवरच होता. खालचं कव्हर निघालं तेव्हा कळलं: क्रँकच्या पुलीपाशी हाताच्या पंजाएवढ्या भागातले दात सफाचट. सगळ्यात लहान पुली तीच, तिथे थोडेच दात पकडीत असतात आणि सगळा जोर त्यांच्यावर येतो. झडलेले दात कव्हरच्या तळाशी पडले होते. एक उचलून चिमटीत दाबला तर रबर वाळक्या खोडरबरासारखं कडक झालेलं.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, हे गणित हा बेल्ट सांभाळतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. काकांच्या गाडीसारख्या इंजिनात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीनं येतात. कॅम थांबला की काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि पिस्टन खालून येऊन आदळतो. सगळीच इंजिनं अशी नसतात. काहींत बेल्ट गेला तरी नवा टाकून काम भागतं. आणि ज्यांत बेल्टऐवजी चेन आहे त्यांचा हिशोबच निराळा.

सगळे पिस्टन निम्म्यावर येतील असा क्रँक लावून घेतला, मग कॅम खुणेवर आणला, नवा बेल्ट तात्पुरता चढवला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासलं. चार सिलिंडरपैकी तिनांत गेजचा काटा हललाच नाही. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागणार, हे नक्की झालं.

दुपारी काका आले. हेड टेबलावर उलटं ठेवलं होतं. १६ पैकी ९ व्हॉल्व्ह वाकलेले, आणि पिस्टनच्या माथ्यावर नखानं उमटवावी तशी चंद्रकोर. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं. "पण गाडी ४२ हजारच चाललीये रे. पुस्तकात तर १ लाख लिहिलंय." पुस्तक गाडीतच होतं. मी ते पान काढलं. बेल्ट बदलायचा तो १ लाख किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा. गाडीला ११ वर्षं झाली होती.

काकांकडे गाडीची एक वही आहे. ऑइल कधी बदललं, टायर कधी घेतले, सगळं तारखेनिशी. ते पानं उलटत गेले आणि एका ओळीवर थांबले. दोन वर्षांपूर्वीची तारीख, त्यांचंच वळणदार अक्षर: "बेल्ट दाखवला. अजून चालेल म्हणाले."

म्हणालो होतो मीच. मला तो दिवस आठवतो. वरच्या कव्हरच्या क्लिपा काढून बेल्टची पाठ पाहिली होती, बोटानं दाबून पाहिला होता. चीर नाही, तेल नाही, रनिंग कमी. चालेल. वर्षं मोजलीच नाहीत. आतले काचतंतू थकलेत का, दाताच्या मुळाशी रबर सुटू लागलंय का, हे पाठीवर दिसत नाही. आजकालच्या बेल्टवर तर शेवटपर्यंत चीर न दिसण्याचीच शक्यता जास्त. नुसतं बघून तेव्हा मी जे सांगितलं, ते सांगायला नको होतं. काकांना तसं स्पष्ट बोललो, आणि मजुरी घेणार नाही हेही सांगितलं. काका काहीच बोलले नाहीत, वही मिटून बसले.

काम पाच दिवस चाललं. व्हॉल्व्ह, सील, गॅस्केट, हेडचे बोल्ट नवे. बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर, वाटेवर ठेवणारा आयडलर आणि वॉटर पंपही बदलला. पंप याच बेल्टवर फिरतो. उद्या त्याचं बेअरिंग जाम झालं किंवा कूलंट गळलं तर नवा बेल्टही जाणार, आणि तिथवर पोचायला पुन्हा सगळं उघडावं लागणार. बेल्ट खोक्यातून काढताना मुलाला दाखवलं: याला दुमडायचं नाही, पिळायचं नाही, आतले तंतू तिथेच तुटतात. खुणा जुळवल्या, क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानं फिरवले, पुन्हा खुणा पाहिल्या. हाताला कुठे अडल्यासारखं लागलं असतं तर जोर न लावता परत खोललं असतं. लागलं नाही.

काकांनी सेल्फ मारला. ओढ आली, ताल आला, इंजिन चालू झालं. ते थोडा वेळ तसेच ऐकत बसले. मग वही उघडून माझ्यापुढे धरली. "तूच लिही." मी आधी पुढच्या बदलाचा महिना आणि साल लिहिलं, खाली किलोमीटर, आणि बाजूला सही केली. काकांनी ओळ वाचली आणि सालाखाली पेनानं एक जाड रेघ ओढली.