खानापूरच्या घाटमाथ्यावर: भीमगडचं रान, तिथली माणसं आणि तारेचे फास

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला जाणारे बहुतेकजण कणकुंबीला चहा घेतात, माउलीच्या देवळात किंवा मलप्रभेच्या उगमाशी दोन फोटो काढतात आणि पुढे घाट उतरतात. या रस्त्याच्या डाव्या अंगाला जे रान दिसतं, त्यात आत गावं आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, तळेवाडी, देगाव, मेंढील. सगळी मराठी बोलणारी, सगळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आणि बहुतेक भीमगड अभयारण्याच्या हद्दीत किंवा अगदी काठावर. यंदा थंडीत या पट्ट्यात हिंडून आलो. वाघ दिसला नाही. तो दिसावा म्हणून गेलोही नव्हतो.

जायचं कसं ते आधी सांगून टाकतो. दोन बाजू आहेत. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी-चोर्ला हा एक रस्ता. त्यावर लाल बसही आहे आणि गोव्याची कदंबाही. खानापूरहून हेम्माडगा-अनमोड हा दुसरा. भीमगड किल्ला आणि तळेवाडीची बाजू हेम्माडग्याकडून जवळ, आमगाव आणि चिखल्याची बाजू जांबोटी-कणकुंबीकडून. स्वतःची दुचाकी असेल तर पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरातच भरून घ्या. जांबोटी सोडली की फोनची रेंज येते-जाते, आत शिरलात की फक्त जाते. ऑनलाइन पैशांच्या भरवशावर राहू नका. सुट्टे पैसे खिशात हवेत.

अभयारण्यात पाऊल टाकायला वनखात्याची परवानगी लागते. किल्ल्यावर जायलाही लागते. हेम्माडग्याला वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे. राहायचं असेल तर तिथे आधी विचारून ठेवा. फॉर्म कन्नडमधून असतो, पण समोरचा गार्ड नव्वद टक्के वेळा मराठीच बोलतो. आपण वाद घालायला गेलेलो नाही हे त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळलं की पुढची कामं सोपी होतात.

आता पावसाबद्दल. घाटमाथा म्हटलं की डोळ्यांपुढे धुकं, धबधबे, हिरवळ येते. समुद्रसपाटीपासून साताठशे मीटरवरच्या या माथ्यावर ढग अडतात आणि तिथेच रिते होतात. 2010 साली आमगावात वर्षभरात 10,000 मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. खानापूर शहर इथून काही फार लांब नाही, तरी तिथे त्याच्या पाव हिश्शाइतकाही पडत नाही. हा पाऊस माती धुऊन नेतो आणि खाली जांभा उघडा पडतो. भात आणि नाचणी, तीही एकदाच. ओढ्यावर धड पूल नाही, त्यामुळे पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायचं. असले फोटो दरवर्षी जुलैत बेळगावच्या पेपरात छापून येतात आणि ऑगस्टमध्ये विसरले जातात. घरटी एक-दोन माणसं गोव्यात असतात, हॉटेलात, बांधकामावर, नाहीतर काजूच्या बागेत.

अशा शेतात गवे उतरतात. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत भरतो. पाचसहा गव्यांचा कळप रात्री भातात शिरला की सकाळी पीक कापायचं कष्ट उरत नाही. त्यात रानडुकरं, वानरं आणि अधूनमधून दांडेलीकडून आलेला हत्ती. एका गावात मी राखणीच्या खोपीत बसलो होतो. घरधनी साठीच्या पुढचे, त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हटलं. खोपीत एक घोंगडं, बॅटरी, पत्र्याचा डबा आणि तो वाजवायला काठी. दिवाळीच्या आधी भात पोटरीला आलं की कापणीपर्यंत रोज रात्री तिथेच झोप. भरपाई मिळते का, असं विचारल्यावर ते हसले. "उतारा माझ्या आज्याच्या नावावर हाय. वारस बारा. अकरा जणांच्या सह्या कोण आणणार? दोघं गोव्यात, एक मुंबैत. फॉरेस्टवाले पंचनामा करून जातात की. पैसे कुणाच्या खात्यात घालायचे म्हणतात."

वनखातं पैसे देतच नाही असं कुणी म्हणत नाही. नियम आहेत, दर ठरलेले आहेत. पण कागद एका नावाचा आणि राब बारा जणांचा, तिथे सगळं अडतं. गवळी धनगरांच्या वाड्यांवर तर उताराच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात जमीन मागायची तर अनुसूचित जमातीला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की भागतं. इतरांना मात्र तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. कर्नाटकात गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. म्हशी घेऊन रानातून रानात फिरलेल्या माणसाने 75 वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा?

फास इथून सुरू होतो.

आमच्याबरोबर वनखात्याचा रोजंदारीवरचा वॉचर होता, जवळच्याच गावचा. पायात रबरी बूट, कमरेला कोयता. आम्ही सगळे त्याला मामा म्हणत होतो. ओढ्याच्या काठाने डुकरांची पायवाट गेली होती, त्यावर तो एकदम थांबला आणि काठीने पाला बाजूला केला. खाली दुचाकीच्या क्लचची तार. एका टोकाला सरकती गाठ, गुडघ्याच्या खाली येईल एवढ्या उंचीवर गोल करून ठेवलेली. दुसरं टोक करवंदीच्या जाळीत आत नेऊन एका जाड बुंध्याला तिहेरी गुंडाळलेलं. तारेवर चिखल फासलेला, चमकू नये म्हणून. दोन्ही बाजूंना काटक्या अशा रोवलेल्या की जनावराला मधूनच जावं लागावं. "हे डुकरासाठी," मामा म्हणाला. "पण तार काय विचारत नाही, तू कोण म्हणून. भेकर अडकतंय, पिसुरी अडकती, बिबट्या पण अडकतोय. कमरेत बसली तर दोन-दोन दिवस ओरडतंय." त्याने ती पकडीने तोडली, गुंडाळून पिशवीत टाकली आणि जागा वहीत लिहून घेतली. पिशवीत आधीच्या बऱ्याच तारा होत्या. जुनी क्लचची तार गॅरेजमध्ये जवळजवळ फुकट मिळते.

तारेखेरीज आणखी तीन प्रकार या भागात ऐकायला मिळाले. ठासणीची बंदूक, पिठाच्या गोळ्यात भरलेला गावठी बॉम्ब आणि कुंपणाला थेट लाइनवरून जोडलेली वीज. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यात हत्तीपासून शेजारच्या शेतकऱ्यापर्यंत कुणीही मरतं आणि मेलेलं आहे. शिमग्याला अख्खा गाव पारधीला निघायचा, ते जुने लोक अजून रंगवून सांगतात. ती आता बरीचशी बंद पडलीय. आजचा फास वेगळा आहे. आबांच्या शेजारच्याने डुक्कर मारलं तर त्यातलं दोन किलो घरी शिजतं, पण उरलेलं रात्रीच्या रात्री रस्त्यावर पोचतं. घेणारे कोण? हायवेजवळची फार्महाउसं, शनिवार-रविवारच्या पार्ट्या, बेळगाव-गोव्याच्या गाड्या. हे मला मामानेही सांगितलं आणि ज्याने कधीकाळी फास लावले होते त्यानेही. दोघांची हकीकत जुळली. गरिबीमुळे शिकार होते हे अर्धं खरं. गरीब माणूस तार लावतो; तार लावायला लागतो तो मात्र गिऱ्हाईक असल्यामुळे. म्हणून या रस्त्यावर कुणी हळूच "रानचं मटण पायजे का?" असं विचारलं तर नको म्हणा आणि पुढे निघा. 'बघू तरी चव' म्हणणाऱ्या मित्राला गाडीत कोंबा. कायद्याचीच भाषा त्याला कळत असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ला झालेली दुरुस्ती त्याला सांगा: पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत किमान 3 ते कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. बिबट्या, गवा, अस्वल, खवले मांजर हे सगळे त्यात येतात.

भीमगडला एवढं महत्त्व का, हेही थोडक्यात सांगतो. अभयारण्य छोटं आहे, 190 चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि जाहीर झालं 2011 च्या शेवटी. पण त्याची जागा मोक्याची आहे. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, उत्तरेला महाराष्ट्रातलं तिलारी आणि पुढे राधानगरीमार्गे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या लांब पट्ट्यातून वाघ ये-जा करतात, 2018 मध्ये सह्याद्रीत कॅमेऱ्यात आलेला वाघ 2020 मध्ये काळीत सापडला होता. वाघाला तीन राज्यांच्या तीन खात्यांशी काही देणंघेणं नसतं. विष घालणाऱ्यालाही नसतं. 2020 च्या जानेवारीत म्हादईच्या बाजूला, सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीजवळ चार वाघ मेलेले सापडले. मेलेल्या गुराच्या अंगात विष घातलेलं होतं. ते गाव गोव्यातलं, पण गोष्ट इथल्या कुठल्याही धनगरवाड्यावर घडू शकली असती, हे इथली माणसं स्वतःच बोलून दाखवतात.

तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथलं वटवाघूळ, रॉटनचं शेपूटमोकळं वटवाघूळ म्हणा हवं तर, 1913 मध्ये शास्त्राला माहीत झालं आणि कित्येक दशकं जगात फक्त याच गुहांत आहे असं समजलं जात होतं. नंतर मेघालय आणि कंबोडियातही ते आढळलं. गुहेत जाऊ नका. वाटाड्या 'चला, दाखवतो' म्हणाला तरी जाऊ नका. उजेडाने आणि आवाजाने वटवाघळं जागा सोडतात. बाहेरून रान बघा, शेकरू बघा, ते पुरेसं आहे.

तळेवाडी गाव आता पूर्वीसारखं राहणार नाही. कुटुंबामागे 15 लाख रुपये घेऊन स्वखुशीने बाहेर पडायची योजना आहे, आणि 2025 मध्ये तिथल्या कुटुंबांना पहिले धनादेश मिळाले. यावर शहरातल्या दोन्ही बाजूंची मतं मला ऐकून पाठ झाली आहेत: एक म्हणतो जंगल सुटलं, दुसरा म्हणतो माणसं हुसकली. आत राहणाऱ्या एका काकूंनी मला वेगळंच विचारलं. पैसे ठीक आहेत, पण बाहेर म्हशी कुठे बांधायच्या? त्याच गावातला त्यांचा पुतण्या मात्र कधी निघतो असं करत होता, कारण त्याला मुलीला शाळेत घालायचं होतं. माझं मत विचाराल तर शाळा, दवाखाना आणि रस्ता दोन-तीन दशकं न देता मग 'स्वखुशीने' हा शब्द वापरणं मला पटत नाही. पण उद्या पुतण्या निघाला तर त्याला थांब म्हणायचा अधिकारही मला नाही.

आता काही कामाच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जायचा काळ. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला वनखातं बंदी घालतं आणि पोलीस खरोखरच परत पाठवतात. वर जळवा असतातच. डिसेंबरनंतर गोचीड वाढतात. 2015 मध्ये शेजारच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाची साथ आली होती, आणि गोव्याच्या काजूबागांत कामाला गेलेल्या खानापूरकडच्या मजुरांनाही तो झाला होता. म्हणून पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वॉचरला सांगायचं. परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत जोराचा ताप आला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

फास दिसला तर स्वतः सोडवायला जाऊ नका. आत जनावर अडकलेलं असेल तर मुळीच नाही. फोटो काढा, जागा नोंदवा आणि रेंज आली की वनखात्याच्या 1926 या नंबरवर किंवा जवळच्या नाक्यावर कळवा. कॅमेऱ्याने टिपलेल्या बिबट्याचं किंवा गुहेचं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका. वाटाड्या गावातलाच घ्या आणि पैसे त्याच्या हातात द्या, मधल्या एजंटाकडे नको. जेवण घरी सांगून ठेवलं तर नाचणीची भाकरी, उसळ, ताक असं मिळतं. माणशी किती द्यायचे ते आधीच ठरवा, कारण घरची बाई पैसे मागणार नाही. पोरांना चॉकलेटं वाटू नका. त्याऐवजी तूप किंवा मध विकत घ्या आणि घासाघीस करू नका.

परतताना कणकुंबीच्या नाक्यावर गाडी थांबवतात. गोव्याची दारू शोधत असतात, डिकीही उघडायला लावतात. आमच्या पुढच्या गाडीतल्या साहेबांनी त्यावर अर्धा तास वाद घातला. तेवढ्यात अंधार पडला आणि जांबोटीपर्यंतच्या वळणांवर धुक्यात, समोर गवा उभा असेल का या धास्तीने, सगळ्यांनाच वीसच्या वेगाने यावं लागलं. नाका दिवसाउजेडी पार करा.