डेटा मिळतो, पण खरा आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इंदूरला आमच्याकडे रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकून आलेला प्रत्येक नवा मुलगा विचारतो: “सर, थ्रेड पॅनिक होऊन म्यूटेक्स पॉइझन झालं, तरी एररवर ‘इन्टू-इनर’ म्हटलं की आतला डेटा मिळतो. मग कोडच्या रिव्ह्यूत तुम्ही तीच ओळ का अडवता?”

म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका धाग्याला, डेटाला हात लावू देणारं लॉक, कुलूप. ते हातात असताना थ्रेड पॅनिक झाला, म्हणजे चूक होऊन कोसळला, की रस्ट त्यावर ‘पॉइझन’ची खूण करते आणि पुढे लॉक मागणाऱ्याला एरर देते. ‘इन्टू-इनर’ ती एरर बाजूला सारून डेटा हातात देतं.

मिळतो, मला ठाऊक आहे. खरा आहे का, ते सांगा.

सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याचा साठा आमच्या सर्व्हरवर होता. माल हलवताना प्रोग्रॅम आधी एका गोदामातून वजा करी, मग दुसऱ्यात जमा. एकदा दुसऱ्या गोदामात त्या मालाचं खातंच नव्हतं, आणि वजाबाकी झाल्यावर थ्रेड पॅनिक झाला. पुढच्या थ्रेडनं एरर गिळून तोच डेटा उचलला, बिलं निघत राहिली. साखरेची 40 पोती हिशेबातून गेली. ती दुसऱ्या गोदामात रचलेली होती, पण स्क्रीनवर तिथं शून्य, म्हणून तिथं कुणी शोधलीच नाहीत. संशय हमालावर गेला. त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मी लॉगमधली पॅनिकची वेळ मालकांना दाखवली, तेव्हा पोती मोजली गेली आणि त्याला परत बोलावलं. माफी कुणी मागितली नाही. तो खाली मान घालून पोती उचलत होता, ते मला अजून दिसतं.

मी हटवादी आहे म्हणता. आधी मी जावा या भाषेत काम करत होतो. तिथं सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमधून, म्हणजे लॉक घेऊन चालणाऱ्या कोडमधून, एक्सेप्शन (चूक) बाहेर पडलं की लॉक मुकाट्यानं सुटतं, मागे काही खूण राहत नाही. ते मला सोयीचं वाटे. पण त्याच जावानं थ्रेड बळजबरीनं थांबवणारं ‘थ्रेड.स्टॉप’ 1998 मध्येच डेप्रिकेट केलं, म्हणजे वापरू नका असं जाहीर केलं: थ्रेड मरताना लॉक सुटतात आणि अर्धवट डेटा इतरांना दिसतो, म्हणून. हे वाचूनही तेव्हा मला त्यात गोदाम दिसलं नव्हतं.

नुसता हिट-काउंटर (किती भेटी झाल्या ते मोजणारा) असेल तर खुशाल ‘इन्टू-इनर’ करा. कॅश (वेगासाठी हाताशी ठेवलेली डेटाची प्रत) असेल तर फेकून नवी बांधा. साठा असेल तर नोंदवहीवरून आकडे पुन्हा जुळवा आणि मगच पॉइझनची खूण पुसणारं ‘क्लिअर-पॉइझन’, ते रस्ट 1.77 पासून स्टेबल आहे. पण जुळवेपर्यंत काय? सरसकट अनरॅप (एरर आली की थेट पॅनिक) ठेवलं, तर लॉक मागणारा प्रत्येक थ्रेड पडतो. दिवाळीच्या गर्दीत दुकानाची बिलं थांबवायची, की संशयित आकड्यांवर चालू द्यायची? यावर माझ्याकडे आजही एक उत्तर नाही. तुम्ही दुकान चालू ठेवा म्हणाल, तेही मला पटतं.

तरी ती ओळ लिहिणाऱ्यानं कोणता आकडा कशाशी ताडून पाहिला, ते शेजारी लिहावं. ते नसेल तर मी मंजुरी देत नाही.