तुम्ही विचारलंत म्हणून : स्टेजकडे पाठ करून काय लिहिता?

"नाटक पाहाले आले, अन् स्टेजकडं पाठ करून लोकाईकडे पाहून काय लिवता जी?" हा प्रश्न गावोगावची नाटक मंडळं विचारतात. एम.ए.ची मुलं तेच जरा सभ्य भाषेत विचारतात : सर, झाडीपट्टीच्या नाटकावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? उत्तर दोघांनाही एकच आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

बाहेरच्यांसाठी चार ओळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान घरात येऊ लागलं की भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, पुढं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात, आणि त्या रात्री नाटक असतं. दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार इथं आधीपासून आहेतच. नाटक कंपन्यांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, गावात कनात बांधतं, तिकीट लावतं. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि उजाडताना पडतो. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांना हा प्रकार पहिल्यांदा कळला.

आता सुरुवात. बहुतेक जण संहितेपासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. छापील किंवा झेरॉक्स प्रत मिळवायची, खोलीत बसून वाचायची, मग कथानक, पात्रं, संवाद, भाषाशैली अशी प्रकरणं पाडायची. असा प्रबंध जगातल्या कुठल्याही नाटकावर लिहिता येतो. त्यातून गावाचं नाव खोडलं तरी एक ओळ बदलावी लागत नाही, म्हणजे त्या गावाबद्दल काही कळलेलंच नाही. लोकप्रिय गोष्टीचा अभ्यास करताना ती वस्तू चांगली की वाईट हा प्रश्न मागं ठेवायचा असतो. ती कोणी मागवली, पैसे कुठून आले, कोण कुठं बसलं, कशाला हसलं आणि घरी जाऊन काय सांगितलं, हे आधी.

म्हणून पहिली वस्तू हातात घ्यायची ती संहिता नाही, पत्रक. नाटकाचं पातळ कागदावरचं, दोन-तीन रंगांतलं पत्रक. जुनी पत्रकं घराघरांत निघतात : ट्रंकेच्या तळाला, वहीच्या कव्हरला, देव्हाऱ्याच्या फळीवर. त्यांची मोठी अडचण अशी, की बऱ्याच पत्रकांवर वार आणि तारीख असते, साल नसतं. ते काढता येतं. 'मंगळवार, १४ जानेवारी' असं असेल तर ते २०१४, २०२० किंवा २०२५ असू शकतं. वार-तारखेची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते, त्यामुळं तीन-चार उमेदवार सालं हाती लागतात. मग जिल्हा बघा. वडसा, आरमोरी, कुरखेडा यांच्यापुढं 'जि. चंद्रपूर' छापलं असेल तर पत्रक २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचं, कारण त्या दिवशी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आमगाव किंवा देवरीपुढं 'जि. भंडारा' असेल तर १ मे १९९९ च्या आधीचं, कारण गोंदिया जिल्हा त्या दिवशीचा. इथं एक फट आहे : छापखान्यात जुना मजकूर तसाच पुढं चालत राहतो, त्यामुळं जिल्ह्याच्या पुराव्याला दोन-तीन वर्षांची सूट द्यायची. मोबाइल नंबर आहे की एसटीडी कोडसकट लँडलाइन, हा तिसरा पुरावा. आणि पत्रकावर 'शंकरपटानिमित्त' लिहिलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आठवा : मे २०१४ मध्ये आली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली. मधल्या काळातलं पत्रक कोणतं निमित्त सांगतं, हा एका प्रकरणाचा विषय आहे. पटाच्या दाणीवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल नसताना नाटक कशाच्या आधारावर उभं राहिलं, हे पत्रकांच्या गठ्ठ्यातूनच कळेल.

पत्रक मिळालं की मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं कोपऱ्यात लिहा : कोणत्या गावात मिळालं, कधी, कशात ठेवलेलं होतं. पेनची शाई पलीकडं उतरते. लॅमिनेशन चुकूनही करू नका. प्लास्टिक परत निघत नाही आणि आतला कागद पिवळा पडतच राहतो. भिंतीला चिकटवलेलं काढायला जाऊ नका, खळीसकट फाटतं. शेजारी पट्टी धरून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो.

दुसरी गोष्ट, किती नाटकं बघायची? एका हंगामात तीस नाटकं बघितल्याचा अभिमान लोक सांगतात. तीसचा आकडा मुलाखतीत बरा दिसतो, वहीत नाही. एकच नाटक तीन गावांत बघा, आणि एकाच गावात तीन वेगळी नाटकं. पहिल्यातून कळतं गावागणिक काय बदललं, दुसऱ्यातून कळतं त्या गावाला काय लागतं. एकूण पाच-सहा रात्रींत भागतं.

आता ती स्टेजकडं पाठ. वहीच्या पानावर चार उभे रकाने आखा : घड्याळ, स्टेजवर, लोकांत, कनातीबाहेर. दर दहा मिनिटांनी एक ओळ. 'लोकांत' या रकान्यात 'लोक हसले' असं लिहू नका. कोणत्या बाजूचे हसले, बायांच्या बाजूनं आधी हशा आला की नंतर, पोरं झोपलेली उठली का, तेवढं लिहा. 'कनातीबाहेर' हा रकाना लोक वगळतात, आणि तिथंच चहाचा ठेला आहे, तिकीट न काढलेली पोरं आहेत, आणि कोणता प्रवेश आला की ठेला रिकामा होतो, तेही आहे. स्टेजच्या एका बाजूला, पहिल्या रांगेच्या पुढं कोपऱ्यात तिरपं बसलं की दोन्हीकडं दिसतं. मंडळाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही पोलिसांचे की कर खात्याचे, यावर रात्रभर चर्चा चालते.

डोकी मोजायची पद्धत साधी आहे. बसायच्या जागेचे पावलांनी अंदाजे दहा बाय दहा फुटांचे चौकोन धरा. पुढं एक, मध्ये एक, मागं एक, असे तीन चौकोन प्रत्यक्ष मोजा. तिन्ही पट्ट्यांत किती चौकोन बसतात ते पाहून वेगवेगळा गुणाकार करा आणि बेरीज घ्या. पुढचा एकच चौकोन मोजून सगळ्या मैदानाला गुणलं तर आकडा फुगतो, कारण मागं लोक पाय पसरून बसतात. अकरा, एक, तीन आणि पाच वाजता मोजा. झोपलेल्यांचा आकडा वेगळा. तिकिटांची संख्या म्हणजे प्रेक्षक नव्हेत : पासवाले, मंडळाचे घरचे आणि कनातीखालून आलेले त्यात नसतात.

नाटक इतकं लांब का, याचं उत्तर या आकड्यांतच सापडतं असं माझं मत आहे. तीन वाजताचा आकडा एक वाजताच्या आकड्यापेक्षा फार खाली येत नसेल तर कथानक कारण नाही, एसटी कारण आहे. शेवटची गाडी केव्हाच गेलेली. मंडईला आलेला पाहुणा वीस किलोमीटरवरचा. नाटक एक वाजता संपवलं तर तो थंडीत जाणार कुठं?

रेकॉर्डिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळ्यात जास्त माल इथंच वाया जातो. फोन स्पीकरच्या पेटीसमोर ठेवला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट होत नाही. पेटीपासून वीसेक फूट बाजूला, लोकांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे संवादही येतात आणि हशाही. वेव्ह फॉरमॅटमध्ये स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी खातं. सात तासांचं झालं ४.२ जीबी. आता घोळ असा, की एका वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. बरीच यंत्रं तिथं आपोआप नवी फाइल उघडतात, काही गुपचूप थांबतात. आणि ते थांबतात नेमके शेवटच्या अंकात, जिथं खलनायक सापडतो आणि अर्धं गाव जागं होतं. मोनोवर ठेवा, निम्म्या जागेत काम होतं. बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक अंगाशी, शालीच्या आत.

लिहून काढायला तासाला पाच-सहा तास धरा. सगळं उतरवायचा हट्ट नको. वहीतल्या खुणांवरून चाळीस-पन्नास मिनिटं निवडा आणि नटांना संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या प्रतीशी ताडून बघा. ही प्रत मागायला लाजू नका, फोटो काढायची परवानगी मात्र कंपनीकडून घ्या. तिच्यात दोन-तीन हस्ताक्षरं असतील, पेनानं कापलेल्या ओळी असतील, समासात पेन्सिलीनं विनोद भरलेले असतील. नायक-नायिका बोलतात ती प्रमाण मराठी आणि विनोदी पात्र बोलतं ती झाडीबोली, असं दिसलं तर कोण कोणत्या क्षणी भाषा बदलतो ते टिपा. उतरवताना 'पानी'चं 'पाणी' करू नका, 'मले'चं 'मला' करू नका. तुम्ही दुरुस्त केलेला प्रत्येक शब्द म्हणजे खोडलेला पुरावा.

मुलाखतीत "नाटक आवडलं का?" हा प्रश्न फुकट जातो. उत्तर ठरलेलं : "मस्त झालं." त्याऐवजी म्हणा, तुमचे भाऊजी आले नव्हते, त्यांना सांगायचं तर नाटक कसं सांगाल? मग गप्प बसा. तिघांकडून तीच गोष्ट ऐकलीत की तीन वेगळी नाटकं हाती येतात. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलेलं सूत्र हेच आहे : बनवणाऱ्यानं घातलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो, थोडा वाकवून घेतो किंवा उलटा करतो. ते टीव्हीबद्दल बोलत होते. पण नाटकातल्या सावकाराबद्दल एखादा म्हणाला, "वाईट होता, पण पैसे बुडवले तर तो तरी काय करंल?" तर तो हॉल यांचा दुसरा प्रकार झाला. बायांशी बोलायला बाईच पाठवा. पुरुषानं अंगणात जाऊन विचारलं की उत्तर घरधनी देतो.

हिशेबाचं वही-खातं बघायचं असेल तर रकमेवरून सुरू करू नका. खाती विचारा : नाटकाचे पैसे, मंडप, लाइट आणि जनरेटर, पत्रकं, परवानगी, कंपनीचं जेवण. दुसऱ्या बाजूला तिकीट, वर्गणी, दुकानांची जागा. खाती बोलून झाली की आकडे लोक आपणहून सांगतात, विशेषतः तोटा झाला असेल तर.

एक तक्रार करतो. झाडीपट्टीवरच्या लिखाणात 'अलीकडे नाटकात नाचगाण्याचा सुळसुळाट झाला' हे वाक्य असतंच, आणि ते लिहिणाऱ्यानं कधी घड्याळ बघितलेलं नसतं. सात तास म्हणजे ४२० मिनिटं (आकडाच तसा आहे, माझा दोष नाही). त्यातली नाचाची किती, पदांची किती, विनोदाची किती, थांबण्याची किती, हे तुमच्या पहिल्या दोन रकान्यांतून निघतं. ते काढा, मग सुळसुळाट म्हणा किंवा म्हणू नका. 'अलीकडे' म्हणायला जुन्या पत्रकांवर नर्तिकेचं नाव किती मोठ्या टायपात आहे, तेही मोजावं लागेल.

नटींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठं टाकू नका. चार महिने रोज नव्या गावात मुक्काम करणाऱ्या बाईचा नंबर शोधणारे बरेच असतात.

आणि मंडळं हमखास मागतात ते रेकॉर्डिंग. द्यावंसं वाटतं, रात्रभर त्यांनीच चहा पाजलेला असतो. पण नाटक कंपनीचं आहे, आणि शेवटच्या अंकातला उलगडा मोबाइलवर फिरला की पुढच्या गावाची तिकिटं अडतात. मंडळाला त्यांच्या गावच्या प्रेक्षकांचे फोटो द्या, पत्रकाची स्कॅन केलेली प्रत द्या. आवाजाची फाइल द्यायची ती कंपनीला विचारून, होळी होऊन हंगाम संपल्यावर.