डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला धडा ऐकवताना

डिस्लेक्सियामुळे वाचणं जड जाणाऱ्या मुलाच्या हातात धडा वाचून दाखवणारा टॅबलेट दिला की काम झालं, असं नसतं. बहुतेकदा गाडी अडते ती फाइलपाशी. पानाचा फोटो म्हणजे मजकूर नव्हे. वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपला तो कोराच दिसतो. म्हणून पान ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके), सरळ ठेवून स्कॅन करा आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करून घ्या. मग एकदा डोळ्यांखालून घालाच, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. ‘कर्म’चं ‘कम’ झालं तर मूल चुकीचंच ऐकणार.

जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांना कळणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली फाइल आणखी फसवी. दिसते नीट, पण मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी! ती आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते.

आवाज मराठीच निवडा. हिंदी आवाज ‘चमचा’तला च बिघडवतो. वेग सुरुवातीला ०.८ पट. बोलला जाणारा शब्द रंगीत होण्याची सोय चालू ठेवा. नजर आणि कान एकाच शब्दावर राहायला हवेत. ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा. खास ‘डिस्लेक्सिया फॉन्ट’च्या मागे मात्र फार लागू नका, अंतर वाढवल्याचा फायदा त्याहून जास्त दिसतो.

आणि हेडफोन वर्गातल्या सगळ्याच मुलांना द्या. एकट्याच्याच कानात असला की तो दुसऱ्या दिवशी दप्तरातून बाहेर येत नाही.